सेशन (ख्रिस्ती मंडळीतील वडीलसभा)

सेशन : स्थानिक ख्रिस्ती मंडळीचा आध्यात्मिक कारभार पाहणारी वडिलांची सभा. प्रेस्बिटेरियन (बिशपऐवजी वडिलांच्या सभांनी चालणाऱ्या प्रोटेस्टंट) पंथातील चर्चव्यवस्थेची ही सर्वांत खालची, पण रोजच्या जगण्याला सर्वांत जवळची पायरी. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक (मंडळीचा धर्मोपदेशक) मिळून ती बनते. लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थ ‘बसणे’ असा आहे. मराठीत ‘बैठक’ म्हणतात तसाच. या व्यवस्थेचे मर्म त्या शब्दात आहे. एकट्या वडिलाला कसलाही अधिकार नसतो. सगळे एकत्र बसले, प्रार्थनेने सभा सुरू झाली आणि वहीत नोंद झाली, की अधिकार अस्तित्वात येतो. सभा उठली की तेच लोक पुन्हा शेतकरी, सुतार, दुकानदार, शिक्षक होतात.

मराठी बायबलमध्ये ग्रीक ‘प्रेस्बुतेरॉस’ या शब्दाला ‘वडील’ हा प्रतिशब्द आहे आणि ‘एपिस्कोपॉस’ या शब्दाला ‘अध्यक्ष’. मराठी कानाला ‘वडील’ म्हटले की आधी बाप आठवतो, म्हणून बोलताना अनेक जण सरळ ‘एल्डर’ म्हणतात. मात्र वडिलकीची जी छटा मराठी शब्दात आहे ती मूळ कल्पनेपासून फार दूर नाही. इस्राएली समाजात घराण्यांचे वडील वेशीत बसून न्यायनिवाडा करत. मोशेने सगळा भार एकट्याने वाहू नये, जबाबदार माणसे नेमावीत, असा सल्ला त्याचा सासरा इथ्रो याने दिल्याचे बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात येते. यहुदी सभास्थानांतही वडील असत. पहिले ख्रिस्ती याच वातावरणातून आले होते, त्यामुळे त्यांना ही पद्धत नव्याने शोधावी लागली नाही.

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ १४:२३ मध्ये पौल आणि बर्णबा प्रत्येक मंडळीत वडील नेमतात. इथे शब्द अनेकवचनी आहे. पौलाने आपला सहकारी तीत याला क्रेत बेटावर ठेवले तेही गावोगावी वडील नेमण्यासाठी. कृत्यांच्याच २०व्या अध्यायात पौल इफिसच्या मंडळीतील वडिलांना मिलेत येथे बोलावतो आणि त्यांनाच ‘अध्यक्ष’ म्हणतो. म्हणजे हे दोन शब्द त्या काळी एकाच माणसांसाठी वापरले जात होते, असे प्रेस्बिटेरियन विद्वान मानतात. पुढे एका शहराला एक बिशप, त्याच्या हाताखाली प्रेस्बिटर आणि त्यांच्या खाली डीकन (मदतनीस सेवक) अशी उतरंड रूढ झाली. इंग्रजीतील ‘प्रीस्ट’ हा शब्द याच ‘प्रेस्बिटर’चा अपभ्रंश आहे. वडील धर्मगुरू झाला आणि सामान्य माणसांतला वडील जवळजवळ दिसेनासा झाला.

तो परत आला सोळाव्या शतकात. स्ट्रासबर्गमध्ये धर्मसुधारक मार्टिन बुत्सर याने नागरिकांतून चर्चचे देखरेखकार नेमण्याचा प्रयोग केला होता. फ्रेंच धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन १५३८ ते १५४१ या काळात तिथे होता. जिनिव्हाला परतल्यावर १५४१च्या चर्चनियमांत त्याने चार पदे ठरवली : पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन. वडील बारा. दोघे छोट्या नगरसभेतून, चौघे साठ जणांच्या सभेतून आणि सहा जण दोनशे जणांच्या सभेतून. पाळकांसह ते दर गुरुवारी ‘कन्सिस्टरी’ म्हणून बसत. सुरुवातीच्या वर्षांतील नोंदींत नवराबायकोची भांडणे आहेत, शेजाऱ्यांचे वाद आहेत आणि प्रभूची प्रार्थना आपल्या भाषेत म्हणून दाखवा असे सांगितल्यावर अडखळणारे म्हातारे-म्हाताऱ्याही आहेत. कोणाला प्रभुभोजनापासून (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीपासून) दूर ठेवायचे हा शेवटचा अधिकार कन्सिस्टरीचा की नगरसभेचा, यावरून १५५५ पर्यंत झगडा चालला. त्या वर्षी कन्सिस्टरीची सरशी झाली.

जिनिव्हातील वडील हे शहराच्या सत्तेनेच नेमलेले होते. मंडळीने आपल्यातून निवडलेला वडील घडला तो स्कॉटलंडमध्ये, आणि आजचे सेशन त्याचे वंशज आहे. स्कॉटिश चर्चच्या १५६०च्या पहिल्या शिस्तग्रंथाने वडिलांची निवड दरवर्षी करावी असे सांगितले. एकच माणूस फार काळ पदावर राहिला तर तो मंडळीच्या स्वातंत्र्यावर कुरघोडी करील, ही भीती त्यामागे होती. १५७८च्या दुसऱ्या शिस्तग्रंथाने, ज्यावर स्कॉटिश धर्मसुधारक अँड्र्यू मेलव्हिलचा मोठा ठसा आहे, हे पद आजन्म केले. दोन्ही बाजूंना तथ्य आहे आणि हा प्रश्न आजही सुटलेला नाही. अमेरिकेतील अनेक मंडळ्यांनी ठरावीक मुदतीची पाळी लावली आहे. वडीलपदाची दीक्षा कायम, पण सेशनमधील बसणे मुदतीपुरते, असा त्यांनी काढलेला मधला मार्ग आहे.

सेशनचे कामकाज अंगभूत शिस्तीचे असते. पाळक हा सभेचा ‘मॉडरेटर’. स्कॉटलंडच्या परंपरेत त्याला चर्चेअंती स्वतःचे मत नसते. मते समसमान पडली तरच निर्णायक मत. मॉडरेटर आणि आणखी दोन वडील एवढी किमान गणसंख्या. सभेचा आरंभ आणि शेवट प्रार्थनेने झाला, हे इतिवृत्तात लिहावेच लागते. ही वही दरवर्षी वरच्या सभेकडे, म्हणजे ‘प्रेस्बिटरी’कडे तपासणीला जाते. नवा वडील निवडला की त्याचे नाव उपासनेत जाहीर होते आणि त्याच्या शिकवणीबद्दल किंवा वागणुकीबद्दल कोणाला हरकत असेल तर ती मांडायला वेळ दिला जातो. मग दीक्षा होते आणि जुने वडील एकेक करून पुढे येऊन नव्याचा उजवा हात हातात घेतात. मानधन नसते.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ५:१७ या वचनावरून ‘शिकवणारे वडील’ आणि ‘कारभार पाहणारे वडील’ असा भेद केला गेला. या मांडणीत पाळक हाही एक वडीलच, फक्त शिकवण्याचे काम असलेला. पण तो सेशनच्या हाताखालचा नोकर नव्हे. त्याची नेमणूक, चौकशी आणि बडतर्फी प्रेस्बिटरीच्या हातात असते. उलट, पाळकाला आवडत नाही म्हणून वडिलाला काढता येत नाही. पाळकाची मनमानी आणि गावातील चार वजनदार माणसांची मनमानी, या दोन्हींना एकाच वेळी आवर घालणारी ही रचना आहे. सेशनचा निर्णय पटला नाही तर प्रेस्बिटरीकडे, तिथून पुढे संपूर्ण चर्चच्या सर्वसाधारण सभेकडे दाद मागता येते.

सभेच्या खोलीबाहेरचे काम अधिक मोठे. स्कॉटलंडमध्ये पॅरिशचे (एका चर्चच्या हद्दीचे) भाग पाडून प्रत्येक वडिलाला ठरावीक घरे दिली जात. प्रभुभोजनाचा हंगाम आला की तो घरोघर जाई. कोणी आजारी आहे का, कोणाचे कोणाशी बोलणे तुटले आहे का, मुलांना धर्मप्रश्नोत्तरे येतात का, याची विचारपूस करी. जो प्रभुभोजनाला बसण्यास योग्य त्याला शिशाचे एक छोटे नाणे मिळे : बोटाच्या पेरावर मावेल एवढे, ओबडधोबड, त्यावर पॅरिशचे आद्याक्षर आणि कधी साल ठोकलेले. रविवारी लांब मेजाशी बसताना ते वडिलाच्या हातात परत द्यायचे. एकोणिसाव्या शतकात त्याची जागा छापील कार्डाने घेतली. नाणे नाकारले जाणे म्हणजे सगळ्या गावासमोर मेजावरून उठवले जाणे. भांडलेल्या दोन शेजाऱ्यांनी त्या आठवड्यात समेट केला, तर त्याला भक्तीइतकाच या शिशाच्या तुकड्याचाही हातभार असे.

गरिबांची काळजी हे सेशनचे दुसरे मोठे काम. १८४५चा गरीब-साहाय्य कायदा येईपर्यंत स्कॉटलंडच्या गावांत हा भार मुख्यतः त्याच्याच अंगावर होता. चर्चच्या दाराशी वडील ताट घेऊन उभा राहायचा. ताटात पडलेली खोटी आणि परदेशी तांब्याची नाणी सेशन साठवून वजनावर विके. मयतावर घालायची काळी मखमली चादर सेशनच्या मालकीची. तिचे भाडे गरिबांच्या निधीत जमा. हा निधी ज्या पेटीत राही तिला पुष्कळ ठिकाणी एकाहून अधिक कुलुपे असत आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. सगळे जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. वडीलसभेची कल्पना एका वस्तूत दाखवायची झाली तर ती ही पेटी.

आता या कारभाराची काळी बाजू. मत्तयच्या १८व्या अध्यायात चुकलेल्या भावाला आधी एकांतात, मग दोघातिघांसमोर आणि शेवटी मंडळीसमोर समजावण्याचा क्रम आहे. सेशनने हा क्रम पुष्कळदा उलटा केला. पापाची कबुली चर्चमध्ये सर्वांसमोर, उंच स्टुलावर बसून किंवा उभे राहून द्यावी लागे, आणि सर्वाधिक प्रकरणे लग्नाबाहेरच्या संबंधांची असत. गरोदरपण लपत नाही, म्हणून बाई सापडे. मोलकरीण रविवारमागून रविवार लोकांच्या नजरा झेलत उभी राही, तर पैसेवाल्याला अठराव्या शतकात अनेकदा दंड भरून मोकळे होता येई. कवी रॉबर्ट बर्न्स १७८६ मध्ये मॉखलिन गावच्या सेशनपुढे आला तेव्हा त्याला स्टुलाऐवजी आपल्या नेहमीच्या जागी उभे राहण्याची सवलत मिळाली. पेत्राच्या पहिल्या पत्रातील ५व्या अध्यायाने वडिलांना बजावले होते, कळपावर धनीपण करू नका. ज्यांनी हे वचन वाचून दीक्षा घेतली त्यांनीच ते मोडले, हे सांगितल्याशिवाय सेशनचा इतिहास प्रामाणिक होत नाही. तो आपल्याला कळतो तोही त्यांच्याच वह्यांमुळे. सेंट अँड्र्यूजच्या सेशनच्या नोंदी १५५९ पासूनच्या आहेत, आणि २०२१ पासून स्कॉटलंडमधील अशा वह्यांची लाखो पाने इंटरनेटवर वाचता येतात.

या पद्धतीचा महाराष्ट्राशी संबंध स्कॉटिश मिशनमुळे आला. मुंबईच्या फोर्टमधील सेंट अँड्र्यूज चर्च १८१९ चे, पण ते मुख्यतः स्कॉटिश रहिवाशांसाठी. १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी कोकणात काम करू लागले. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी प्रेस्बिटेरियन पद्धतीची देशी मंडळी स्थापली. १८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्च फुटले. जमीनदाराने मंडळीवर पाळक लादावा की मंडळीने तो स्वीकारावा, हा त्या फुटीतला कळीचा मुद्दा. विल्सन फुटून निघालेल्या फ्री चर्चच्या बाजूने गेले. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉपही त्याच चर्चचे. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेले काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले.

अहमदनगरकडे मात्र चित्र वेगळे होते. तिथल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा काँग्रिगेशनल. तीत अंतिम शब्द वडिलांच्या सभेचा नसून एकत्र जमलेल्या सगळ्या सभासदांचा. म्हणजे मराठी मुलखात दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यांच्यातले अंतर लहान नव्हते : निर्णय कोणी घ्यायचा, निवडलेल्या मोजक्यांनी की सर्वांनी? १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एकत्र आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) स्थापन झाले. त्यात हे संयुक्त चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, चर्च ऑफ द ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा मंडळ्या सामील झाल्या.

या विलीनीकरणाने शब्दांची अदलाबदल झाली. सीएनआयमध्ये ‘प्रेस्बिटर’ म्हणजे दीक्षित पाळक, आणि त्याच्या वर बिशप. जुन्या सेशनच्या जागी निवडून आलेली ‘पास्टोरेट कमिटी’ आली. हिशेब, इमारतीची डागडुजी, सणांची तयारी, वर्गणी ही कामे ती पाहते. पण तिचे सभासद वडील म्हणून दीक्षा घेतलेले नसतात. फरक नावापुरता नाही. कमिटी निवडणुकीने येते आणि निवडणुकीने जाते, तर वडिलाच्या डोक्यावर शपथ असते आणि त्याच्या वाट्याला ठरावीक घरे असतात. माझ्या मते विलीनीकरणात सर्वांत शांतपणे हरवलेली गोष्ट ही घरवाटणी. ती परत आणायला घटनादुरुस्तीही लागणार नाही.

सेशनची मूळ घडी भारतात आज पाहायची तर मिझोरामकडे वळावे लागते. वेल्श मिशनमधून वाढलेल्या तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये वडिलाला ‘उपा’ म्हणतात आणि ही उपाधी नावाआधी लावतात. याहून वेगळी वाट प्लिमथ ब्रदरन मंडळ्यांची (सीएनआयमध्ये सामील झालेले ब्रदरन वेगळे). तिथे पगारी पाळक नाही आणि मतदानही नाही. जे आधीपासून वडिलांचे काम करत आहेत त्यांना वडील म्हणून ओळखायचे, एवढेच. सुवार्तिक बख्त सिंग (१९०३–२०००) यांनी उभारलेल्या मंडळ्यांतही अनेक वडिलांनी मिळून कारभार पाहण्याची रीत रुजली. मेथडिस्ट पंथात ‘एल्डर’ म्हणजे दीक्षित पाळकच, त्यामुळे एका मंडळीतून दुसरीत गेलेल्या माणसाचा हमखास गोंधळ होतो.

स्त्रियांना वडीलपद १९३० मध्ये अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रेस्बिटेरियन चर्चने खुले केले आणि १९६६ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडने. काही प्रेस्बिटेरियन चर्चे आणि बहुतेक ब्रदरन मंडळ्या आजही ते पुरुषांपुरतेच ठेवतात. त्यासाठी पहिल्या तीमथ्यातील ३ऱ्या अध्यायाचा आधार दिला जातो. वडिलावरील आरोप दोघातिघा साक्षीदारांखेरीज ऐकू नये, हे त्याच पत्रातील ५:१९ हे वचनही वादात सापडते. अफवेपासून संरक्षण म्हणून ते लिहिले गेले. पण घरात, बंद दाराआड झालेल्या अत्याचाराला दुसरा साक्षीदार कुठून येणार? म्हणून अनेक चर्चांनी अशा तक्रारींसाठी सेशनबाहेरची चौकशी आणि पोलिसांकडे जाणे हे नियम केले आहेत.

याकोबाच्या पत्रातील ५:१४ प्रमाणे आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, ही रीत मात्र पंथापंथांच्या वेगळेपणातूनही टिकून आहे. निरोप जातो, दोघे-तिघे संध्याकाळी येतात, खाटेशेजारी खुर्च्या ओढून बसतात, वचन वाचतात, कपाळाला तेलाचे बोट लावतात, आणि निघताना औषधाचे काय चालले आहे तेही विचारतात.