पिक्चर की जोडलेले एपिसोड?

"डिमन स्लेयरचा नवा पिक्चर लागतोय, जायचं का?" असा मेसेज ग्रुपवर आला की मी आधी विचारते, पिक्चर आहे की एपिसोड? डिमन स्लेयर ही जपानी ॲनिमेशन मालिका, आणि तिचे टीव्हीचे भाग जोडूनही थिएटरात लावतात. थिएटरात लागलं म्हणजे पिक्चर, हे समीकरण डोक्यातून काढा. त्यापायी दरवेळी कुणीतरी मध्यंतरात हिरमुसून म्हणतंच, "हे तर मी घरी पाहिलंय!"

'इन्फिनिटी कॅसल' हा पिक्चर. 2025 मध्ये 18 जुलैला जपानात, 12 सप्टेंबरला आपल्याकडे लागला, टीव्हीवर तोवर न आलेली गोष्ट घेऊन. हे तुम्हाला सांगायला नको.

2024 चा 'हाशिरा ट्रेनिंग' मात्र जोडलेला: 'स्वोर्डस्मिथ व्हिलेज' या आधीच्या सीझनचा शेवटचा भाग आणि पुढच्या सीझनचा पहिला. आदल्या वर्षीही तेच, दोन जुने आणि एक नवा. लांबीवरून ओळखायला जाऊ नका, हेही दीड तासाच्या वर चालतात.

सगळे अडखळतात ते 'मुगेन ट्रेन'पाशी. "तो टीव्हीवर सात भागांत आहे की, म्हणजे तोही जोडलेलाच." नाही, इथे बरोबर उलटं झालंय. 2019 मध्ये पहिला सीझन संपला तेव्हा नायक तांजिरो आणि मंडळी आगगाडीत चढत होती. पुढची गोष्ट ऑक्टोबर 2020 मध्ये थेट मोठ्या पडद्यावर आली. सात भाग आले 2021 मध्ये. त्यातला पहिला नवा, बाकीचे सहा पिक्चर कापून केलेले. म्हणून "टीव्हीवर आहे का" हा प्रश्नच चुकीचा. आधी काय आलं, ते विचारा. 'जुजुत्सु कायसेन' या दुसऱ्या जपानी मालिकेतही '0' हा पिक्चर, आणि 2025 चा 'हिडन इन्व्हेंटरी' म्हणजे 2023 मध्ये टीव्हीवर येऊन गेलेले भाग.

याने बघण्यात फरक पडतो. एपिसोडला वीस-बावीस मिनिटांत पुढच्या आठवड्याची ओढ लावायची असते. पिक्चरला तुम्हाला खुर्चीत धरून ठेवायचं असतं. 'मुगेन ट्रेन'मध्ये गाडीचं प्रकरण मिटतं, आपण सैलावतो आणि तेवढ्यात अकाझा हा राक्षस येऊन उभा राहतो. तो धक्का सलग बघतानाच बसतो.

आणि थिएटरात वागण्यातही फरक हवा. 'हाशिरा ट्रेनिंग'ला तांजिरोची राक्षस झालेली बहीण नेझुको जळून न जाता उन्हात उभी राहते हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तरी मागच्या रांगेतून एक शिट्टी आली आणि पाठोपाठ अख्खं थिएटर ओरडलं. शेजारची अनोळखी मुलगी रडता रडता माझ्याकडे बघून हसली. तिथे ओरडाच, कुणाचं काही हुकत नाही. पण 'इन्फिनिटी कॅसल'मध्ये अकाझाचा भूतकाळ उलगडत असताना शिट्ट्या मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कित्येक जण ती गोष्ट पहिल्यांदा ऐकत असतात. पडदा मोबाइलवर शूट करून स्टेटसला टाकणारे तर दोन्हीकडे नकोत.

डब की सबटायटल, यात मी पडत नाही. मी जपानीच बघते.

जोडलेल्यांना जाऊ नका असं मुळीच नाही. मी जाते, दहा-बारा जणांची रांग धरून, घसा बसेपर्यंत ओरडायच्या तयारीने. पिक्चरला मात्र पहिल्याच दिवशी, मधल्या रांगेत, फोन बंद करून.