पहिला हँडहेल्ड रेडिओ घेण्यापूर्वी: हौशी रेडिओ परवान्याची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

हातात मावणारा दुतर्फी रेडिओ, म्हणजे हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींच्या बोलीतला ‘हँडहेल्ड’, आज ऑनलाइन बाजारात दोन-तीन हजार रुपयांपासून मिळतो आणि त्यामुळे बहुतेक नवशिके आधी सेट मागवतात, परवान्याची चौकशी मात्र नंतर करतात. भारतात हा क्रम चुकीचा ठरतो, कारण येथे प्रक्षेपण करू शकणारा रेडिओ वापरण्यासाठीच नव्हे, तर नुसता जवळ बाळगण्यासाठीही परवानगी लागते. सूट फक्त अधिसूचनेने वगळलेल्या उपकरणांना आहे. म्हणून आधी परीक्षा, मग परवाना आणि त्यानंतर सेट, हाच क्रम धरावा. परीक्षेचा अभ्यास झाला की सेटच्या जाहिरातीतले निम्मे आकडे आपोआप कळू लागतात, हा या क्रमाचा आणखी एक फायदा आहे.

तत्पूर्वी आपली गरज नेमकी काय आहे, ते पाहावे. ट्रेकला गेलेल्या दोन गटांत, शेतावर किंवा एखाद्या कार्यक्रमाच्या मांडवात आपसांत बोलता यावे एवढीच अपेक्षा असेल, तर परीक्षा देण्याचे कारण नाही. 2018 च्या नियमांनुसार 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालणाऱ्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. मात्र ही सूट त्या पट्ट्यापुरत्याच बनवलेल्या आणि ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकार मान्यतेचे प्रमाणपत्र मिळालेल्या संचांना लागू होते. पाच वॅटचा, वेगवेगळ्या वारंवारतांवर फिरवता येणारा हॅम सेट 446 वर लावला म्हणून तो परवानामुक्त होत नाही. विक्रेत्याने तसे सांगितले तरी त्यावर विसंबू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025 मध्ये वॉकीटॉकींच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती याच गोंधळामुळे. संच कोणत्या वारंवारतेवर चालतो आणि त्याला परवाना लागतो की नाही, हे आता विक्रीच्या पानावर स्पष्ट दिलेले असणे अपेक्षित आहे.

अनोळखी माणसांशी बोलणे, रिपीटर (उंचावरून संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र) वापरणे, उपग्रहांमार्फत संपर्क साधणे, स्वतः अँटेना बनवून पाहणे किंवा आपत्तीच्या वेळी संदेशवहनाला हातभार लावणे, यांपैकी काही करायचे असेल, तर हौशी रेडिओ सेवेचाच परवाना घ्यावा लागतो. तो केंद्रीय दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून, म्हणजे डब्ल्यूपीसीकडून मिळतो. या सेवेचे मूळ नियम 1978 चे असून 2009 मध्ये त्यांत मोठी दुरुस्ती झाली.

पात्रतेच्या अटी साध्या आहेत. अर्जदार भारतीय नागरिक असावा आणि त्याचे वय किमान 12 वर्षे असावे. शिक्षणाची कोणतीही पदवी लागत नाही, त्यामुळे सातवी-आठवीतले मूल आणि निवृत्त आजोबा एकाच बाकावर बसून ही परीक्षा देऊ शकतात. परवान्याच्या दोन श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स कोड येण्याची अट नाही, प्रक्षेपणाची कमाल शक्ती 50 वॅट आहे आणि कॉलसाइन, म्हणजे केंद्राचे ओळखचिन्ह, साधारणपणे व्हीयू3 ने सुरू होतो. जनरल श्रेणीत शक्तीची मर्यादा 400 वॅट असून कॉलसाइन व्हीयू2 ने सुरू होतो. हँडहेल्ड सेट पाच वॅटच्या आसपास असतो आणि त्याला लागणारे 144 ते 146 व 434 ते 438 मेगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे रिस्ट्रिक्टेड श्रेणीत वापरता येतात. केवळ हँडहेल्डसाठी जनरल श्रेणीच्या मागे लागण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे दूरदेशांशी लघुलहरींवर जास्त शक्तीने बोलण्याची ओढ लागली, तर तेव्हा ती परीक्षा द्यावी.

परीक्षेचे नाव ॲमेच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट, थोडक्यात एएसओसी. रिस्ट्रिक्टेड श्रेणीची प्रश्नपत्रिका 50 गुणांची, एका तासाची आणि दोन भागांत विभागलेली असते. पहिल्या भागात रेडिओचे तत्त्व व व्यवहार येतो: ओहमचा नियम, रोधक व धारित्र, मॉड्युलेशन, अँटेना, लहरींचे प्रसारण. दुसऱ्या भागात नियम, कॉलसाइनची रचना, क्यू-कोड (क्यू ने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत) आणि अक्षरे उच्चारण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत विचारली जाते. प्रत्येक भागात किमान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के गुण लागतात. ज्यांचा विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला आहे, ते पहिल्या भागाला घाबरतात. प्रत्यक्षात दुसरा भाग हलक्यात घेतल्याने निकाल अडतो, कारण एकूण टक्केवारी चांगली असूनही एका भागातली कमतरता चालत नाही. परीक्षा डब्ल्यूपीसीच्या देखरेख केंद्रांवर होतात. मुंबईचे केंद्र बोरिवली पश्चिमेस गोराई रस्त्यावर आहे. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमेच्युअर रेडिओचे अभ्याससाहित्य आणि आपल्या शहरातल्या हॅम क्लबचे वर्ग, या दोन्हींचा तयारीला चांगला उपयोग होतो.

अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर करावयाचा असतो. प्रथम ईमेल व मोबाइल क्रमांक देऊन खाते उघडावे, परीक्षेचा अर्ज निवडून श्रेणी व केंद्र भरावे आणि शुल्क ऑनलाइन जमा करून पावती जपून ठेवावी. छायाचित्र, स्वाक्षरी, ओळख व नागरिकत्वाचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा, ही कागदपत्रे आधीच स्कॅन करून ठेवलेली बरी. आपल्याकडे एक अडचण हमखास येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव व वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधारवर तो उलटा असतो किंवा मधले नाव नुसत्या आद्याक्षराने दिलेले असते. आणि विवाहित स्त्रियांच्या बाबतीत नाव पूर्णच बदललेले असू शकते. अर्जात भरलेले नाव पुढे प्रमाणपत्रावर आणि परवान्यावर तसेच छापले जाते. म्हणून ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः तेच लिहावे आणि तफावत मोठी असेल, तर राजपत्रातील नावबदलाची किंवा विवाह नोंदणीची प्रत सोबत ठेवावी.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळते ते केवळ प्रमाणपत्र. त्याच्या आधारे प्रक्षेपण करता येत नाही. त्यासाठी त्याच पोर्टलवर परवान्याचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो, त्याला प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते आणि आपल्या प्रक्षेपण केंद्राचा पत्ता, म्हणजे बहुधा आपल्या घराचा पत्ता, द्यावा लागतो. 2009 च्या दुरुस्तीनुसार शुल्क 20 वर्षांसाठी 1000 रुपये आणि आजीवन परवान्यासाठी 2000 रुपये आहे; भरण्यापूर्वी पोर्टलवरचा चालू आकडा पाहून घ्यावा. अर्ज मंजूर होण्यास काही महिने लागू शकतात. या काळात सेट घेऊन ‘फक्त ऐकतो’ म्हणणे योग्य नाही, कारण तो सेट प्रक्षेपणही करू शकतो. ऐकण्याचा सराव करायचा असेल, तर इंटरनेटवरच्या सार्वजनिक रिसीव्हरवर कान लावून बसावे आणि जुने हॅम कॉलसाइन कसे उच्चारतात, संभाषण कसे संपवतात, ते टिपून घ्यावे.

परवाना हाती आला की सेटची निवड करावी. पहिली कसोटी वारंवारतेची आहे. बाओफेंग यूव्ही-5आर सारखे स्वस्त सेट 136 ते 174 मेगाहर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यात प्रक्षेपण करू शकतात, आणि त्याच पट्ट्यात जहाजांचा 156.8 मेगाहर्ट्झचा आणीबाणीचा चॅनेलही येतो. सेटला आपल्या परवान्याची सीमा ठाऊक नसते. एक आकडा चुकला की आपण दुसऱ्याच्या अत्यावश्यक सेवेत शिरतो. त्यामुळे हौशी पट्ट्याबाहेरचे प्रक्षेपण बंद असलेला किंवा बंद करून घेता येणारा सेट नवशिक्याने निवडावा, आणि ईटीए प्रमाणपत्राचा क्रमांक व जीएसटीचे बिल मागून घ्यावे. बिलावरचा मॉडेल क्रमांक आणि बॅटरीमागच्या स्टिकरवरचा क्रमांक दुकानातच जुळवून पाहावा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकरवी सेट मागवण्याचा मोह टाळावा, कारण वायरलेस उपकरणांच्या आयातीलाही डब्ल्यूपीसीचे नियम लागू होतात.

दुसरी कसोटी वापराची. याएसू एफटी-65 सारखा सेट महाग पडतो, पण गर्दीच्या शहरात शेजारच्या शक्तिशाली प्रक्षेपणांमुळे स्वस्त सेटचा रिसीव्हर गुदमरतो, तसे त्याचे कमी होते. दोनपैकी काहीही घेतले, तरी रिपीटरसाठी व्हीएचएफवर, म्हणजे 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ऐकण्याच्या व बोलण्याच्या वारंवारतांत सामान्यतः 600 किलोहर्ट्झचे अंतर आणि रिपीटर उघडणारा योग्य टोन भरावा लागतो. ही माहिती कीपॅडवरून भरणे किचकट असते, म्हणून प्रोग्रामिंगची केबल सेटसोबतच घ्यावी. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्याने जलरोधकतेची श्रेणी पाहावी: आयपी54 म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव, आयपी67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

जाहिरातीतल्या ‘दहा किलोमीटर पल्ला’ या शब्दांवर पैसे खर्च करू नयेत. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगरधार आली की दरीतला पाच वॅटचा सेट पलीकडच्या गावालाही पोहोचत नाही, आणि माथ्यावरून तोच सेट कित्येक पट दूर ऐकू येतो. आठ वॅटच्या सेटसाठी जादा पैसे देण्यापेक्षा सोबतच्या आखूड रबरी अँटेनाऐवजी चांगली लांब अँटेना घ्यावी. मात्र सेटच्या एसएमए जोडणीत, म्हणजे अँटेना बसवण्याच्या जागी, पिन आहे की छिद्र, ते आधी पाहावे, नाहीतर अँटेना बसत नाही. दोन पट्ट्यांचा सेट असेल, तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा रिपीटर चालू असताना तो 437.800 मेगाहर्ट्झवर ऐकता येतो. स्थानक वेगाने जात असल्यामुळे ही वारंवारता दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकते, म्हणून आसपासच्या चार-पाच वारंवारता मेमरीत भरून ठेवाव्यात.

पहिल्या प्रक्षेपणापूर्वी परवान्यावरच्या अटी पूर्ण वाचाव्यात. व्यवसायाचे बोलणे, संगीत आणि गुप्त सांकेतिक भाषा निषिद्ध आहे, आणि आपला कॉलसाइन सुरुवातीला व शेवटी सांगणे बंधनकारक आहे. बटण दाबल्याबरोबर बोलू नये. सेकंदभर थांबावे, नाहीतर रिपीटर उघडेपर्यंत कॉलसाइनचे पहिले अक्षरच गळते. परवान्याची प्रत सेटसोबत ठेवावी आणि पत्ता बदलल्यास तो पोर्टलवर लगेच अद्ययावत करावा.