कामिकात्सू: कचऱ्याच्या चाळीसहून जास्त प्रकारांआधीची गोष्ट

जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमा शहरापासून मोटारीने तासाभरावर, कात्सुउरा नदीच्या वरच्या खोऱ्यात कामिकात्सू नावाचं छोटं गाव आहे. कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार वेगळे करणारं गाव म्हणून जगभरातून लोक ते बघायला येतात. २००३ साली जपानमध्ये ‘शून्य कचऱ्या’चा पहिला जाहीरनामा काढला तो याच गावाने. पण तोवर इथली जवळजवळ दोन तृतीयांश माणसं कमी झाली होती, आणि ती का गेली हे कळल्याखेरीज या गावाचं कौतुक वरवरचंच राहतं.

१९५५ मध्ये दोन खेडी एकत्र करून कामिकात्सू झालं तेव्हा वस्ती सहा हजारांच्या वर होती. जमीन चढणीची, पंचाऐंशी टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली. लोक उतारावर दगडी बांध घालून भात घ्यायचे, कोळसा पाडायचे, लाकूड तोडायचे. युद्धात आणि नंतरच्या बांधकामांत जपानचे डोंगर उघडे पडले होते, म्हणून सरकारने अनुदान देऊन ठिकठिकाणी ‘सुगी’ या जपानी सीडरच्या झाडांची लागवड करवली. हे सरळसोट झाड तोडणीला यायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. आजोबांनी लावायचं आणि नातवाने विकायचं, असा हिशेब. मधल्या काळात घरोघरी गॅस आणि रॉकेल आलं, लाकडी कोळशाला गिऱ्हाईक उरलं नाही. १९६४ मध्ये परदेशी लाकडाची आयात पूर्ण खुली झाली. १९५५ च्या सुमारास देशाला लागणारं नव्वदेक टक्के लाकूड देशातलंच असायचं; २००२ पर्यंत ते प्रमाण वीस टक्क्यांच्याही खाली गेलं. नातू तोवर शहरातल्या कारखान्यात लागला होता.

हे एकट्या कामिकात्सूचं दुखणं नव्हतं. ओस पडत चाललेल्या भागांसाठी १९७० मध्ये जपानला स्वतंत्र कायदाच करावा लागला. त्यातून आलेला पैसा मोठ्या प्रमाणात रस्त्यांत आणि इमारतींत गेला. पोरांना परत यावंसं वाटेल असं काम त्यातून फारसं उभं राहिलं नाही, आणि मला तीच त्या धोरणाची मोठी उणीव वाटते.

मागे राहिलेल्यांचा आधार होता मिकान, म्हणजे तिकडची छोटी, सहज सोलता येणारी संत्री. फेब्रुवारी १९८१ मध्ये अशी कडाक्याची थंडी पडली की बहुतेक झाडं मेली. नवी बाग फळायला वर्षं जातात. साठीतल्या शेतकऱ्याने ती कुणाच्या भरवशावर लावायची?

शेतकी सहकारी संस्थेत योकोइशी तोमोजी हा तरुण सल्लागार १९७९ पासून काम करत होता. एकदा ओसाकातल्या सुशीच्या हॉटेलात ताटात सजावटीला ठेवलेलं मेपलचं पान एक मुलगी हरखून रुमालात गुंडाळताना त्याने पाहिली. असली पानं तर गावात पायाखाली पडलेली असतात! गावात कल्पना सांगितली तेव्हा लोकांना ती पटेना. पानं विकून कुणी पोट भरतं का? १९८६ मध्ये अगदी मोजक्या घरांनी सुरुवात केली. सुरुवातीला माल खपेना. मग योकोइशी पदरमोड करून महागड्या उपाहारगृहांत जेवायला जाऊ लागला आणि कुठलं पान कुठल्या पदार्थाखाली जातं ते शिकला. पान डाग नसलेलं हवं, एका खोक्यातली सगळी एका मापाची हवीत, आणि बाजारात ती मोसमाच्या थोडी आधी पोचायला हवीत. हे जमल्यावर धंद्याचा जम बसला. १९९९ मध्ये इरोदोरी ही कंपनी निघाली आणि आज तीनशेहून जास्त प्रकारची पानं-फुलं विकली जातात. सकाळी मागणी पडद्यावर येते आणि जो आधी बटण दाबेल त्याला ती मिळते. सत्तरी-ऐंशीतल्या बायका त्यासाठी टॅब्लेट शिकल्या. पानाला वजन नसतं, म्हणून थकलेल्या हातांनाही हे काम झेपतं; योकोइशीच्या कल्पनेतलं खरं शहाणपण मला इथे दिसतं.

कचऱ्याचं वळणही असंच अडचणीतून आलं. इथे घंटागाडी कधी नव्हतीच, आणि नव्वदच्या दशकापर्यंत कचरा उघड्यावर जाळत. १९९८ मध्ये कचरा जाळायच्या दोन छोट्या भट्ट्या बसवल्या, पण जळणातून निघणाऱ्या डायॉक्सिन या विषारी द्रव्याचे नियम कडक झाल्याने दोन-तीन वर्षांतच त्या बंद कराव्या लागल्या. नवी मोठी भट्टी गावाच्या ऐपतीबाहेर होती. ओल्या कचऱ्याचं खत घरीच करायचं ठरलं होतं, यंत्राला अनुदानही होतं. बाकीचं लोक धुऊन, वाळवून स्वतः गावच्या कचरा-केंद्रावर आणू लागले. तिथे प्रत्येक प्रकारावर पाटी असते: याचं पुढे काय होतं आणि त्यासाठी किती येन मिळतात किंवा मोजावे लागतात. आज साधारण ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो.

वस्तीची घट मात्र थांबलेली नाही. २०२० च्या जनगणनेत १,३८० माणसं होती, त्यांतली निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढची. पानांच्या आणि कचऱ्याच्या कामाने ओढलेले तरुण येतात, काही राहतातही. पण जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत आणि पानं खुडणाऱ्यांचं वय वाढतंच आहे. केंद्रापर्यंत गाडी चालवणं ज्यांना आता होत नाही, त्यांच्या घरून कचरा नेण्याची वेगळी सोय गावाला करावी लागली आहे.