ऊर्जा-उपचार आणि हातगुण

ऊर्जा-उपचार म्हणजे काय, तर माणसाच्या अंगात एक न दिसणारी शक्ती फिरते, ती कुठं अडली किंवा कमी पडली की आजार येतो, आणि दुसऱ्याच्या हातानं, फुंकरीनं नाहीतर मंत्रानं ती परत वाटेला लावता येते, असं मानून केलेले सगळे इलाज. रेकी, प्राणिक हीलिंग, थेराप्युटिक टच हे त्यातले आजचे ब्रँड. होलिस्टिक थेरपी हा शब्द त्याहून मोठा, त्यात मालिश, निसर्गोपचार, आहार, योग असं काहीही येतं आणि ते सगळं ऊर्जेवर चालतं असं बिलकुल नाही, पण तालुक्याच्या पाटीवर दोन्ही शेजारी-शेजारी लिहिलेले असतात म्हणून गडबड होते. होलिझम हा शब्द जनरल स्मट्सनी १९२६ मध्ये काढला, हो तेच दक्षिण आफ्रिकेतले स्मट्स ज्यांच्यासोबत गांधीजींचा तिथं झगडा चालला होता.

विदर्भातल्या खेड्यात ऊर्जा-बिर्जा कोणी म्हणत नाही. इथं शब्द आहे हातगुण. अमक्याच्या हाताला गुण आहे, तमक्याच्या हातचं औषध लागत नाही, असं डॉक्टरबद्दलही तितक्याच सहज बोलतात. उसण भरली की पायाळू माणूस शोधतात, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. "काही नाई, उसण भरली, पायाळूले बलाव," असं घरातली म्हातारी म्हणते, तो येतो, पाठीला हळूच पाय लावतो, चहा पितो आणि जातो. लहानपणी माझ्याही पाठीला असा पाय लागलाय आणि दोन-तीन दिवसांत मी चांगला झालो, आता साधी उसण बहुतेक वेळा तशीही काही दिवसांत उतरतेच, पण मान पायाला गेला. त्याशिवाय दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या-मिरच्या, बेंबी सरकली तर पोट चोळणारी बाई, मेळघाटात कोरकू आदिवासींचा भूमका म्हणजे गावचा मांत्रिक-वैद्य, गडचिरोलीकडं पुजारी, आणि बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा, जिथं होळीच्या सुमाराला यात्रा भरते आणि डोक्याचा त्रास असलेल्या माणसांना घरचे लोक घेऊन येतात.

कावीळ उतरवणं हा यातला सगळ्यात बघण्यासारखा प्रकार. रोग्याच्या हाताला काहीतरी चोळतात, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळं होतं, सगळे म्हणतात बघा कावीळ निघाली. ते काहीतरी म्हणजे आंब्याच्या सालीचा रस, चुना लागला की तो पिवळा पडतो, निरोग्याचे हात धुतले तरी पडेल. दुसरी युक्ती माळेची. ओल्या काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवतात, काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल होतात आणि डोक्यावर बसेल एवढी माळ चार दिवसांत पोटापर्यंत लोंबते. खराब पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच जाते, त्यामुळे माळ घालणारा सहसा हरत नाही.

आता पुस्तकी इतिहास. युरोपात ही कल्पना गाजवली फ्रांत्स मेस्मर या डॉक्टरनं (१७३४–१८१५). सगळ्या जीवांत एक चुंबकी द्रव वाहतो आणि तो आपण हातानं फिरवू शकतो असं त्याचं म्हणणं. १७७८ मध्ये तो पॅरिसला आला आणि तिथं नुसती झुंबड उडाली, लोक लोखंडी सळया धरून एका मोठ्या टबाभोवती बसायचे, थरथरायचे, बेशुद्ध पडायचे. शेवटी १७८४ मध्ये राजानं चौकशी समिती नेमली, त्यात अमेरिकेचे शास्त्रज्ञ-मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते. फ्रँकलिनच्या बागेतलं एक जर्दाळूचं झाड मेस्मरच्या चेल्यानं भारलं आणि डोळे बांधलेल्या एका बारा वर्षांच्या पोराला एकेका झाडापाशी नेलं, तर पोरगं चौथ्याच झाडापाशी बेशुद्ध पडलं आणि भारलेलं झाड राहिलं लांब. द्रव-ब्रव काही नाही, हा कल्पनेचा जोर आहे, असा निकाल समितीनं दिला. आपल्याकडच्या भगताच्या अंगणात असा प्रयोग कोणी केला असता तर काय झालं असतं असं मला नेहमी वाटतं.

मेस्मर आपल्या देशातही पोचला बरं का. बंगालात हुगळीला जेम्स एसडेल नावाच्या सर्जननं १८४५ पासून असंच हात फिरवून रोग्यांना गुंगी आणली आणि मोठमोठी ऑपरेशनं केली, पुढच्याच वर्षी कोलकात्यात त्याला सरकारी दवाखाना मिळाला, पण तेवढ्यात ईथर आणि क्लोरोफॉर्म ही भूल द्यायची औषधं आली आणि तो विषय मागं पडला.

जपानात मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवस उपास केला आणि तिथं त्यांना रेकी गवसली असं सांगतात. चार वर्षांनी ते वारले. त्यांचे शिष्य हायाशी, त्यांच्याकडून हवाई बेटांवरच्या हावायो ताकाता शिकल्या आणि १९८० मध्ये जाईपर्यंत त्यांनी बावीस मास्टर म्हणजे रेकी शिकवणारे तयार केले, मास्टर व्हायची फी दहा हजार डॉलर. तिथून रेकी जगभर आणि नव्वदच्या दशकात आपल्या शहरांत.

मजा पुढं आहे. १९७२ च्या सुमाराला अमेरिकेत डोलोरेस क्रीगर या नर्सिंगच्या प्राध्यापिकेनं थिऑसॉफी या पूर्व-पश्चिमेचं अध्यात्म एकत्र करणाऱ्या पंथातल्या डोरा कुंझ यांच्यासोबत थेराप्युटिक टच सुरू केलं आणि त्यामागची शक्ती म्हणून चक्क आपला 'प्राण' सांगितला. म्हणजे उपनिषदातला प्राण थिऑसॉफीच्या बोटीत बसून तिकडं गेला आणि सर्टिफिकेट, फी, वीकेंड कोर्स घेऊन परत आला. चार्टवर चक्रांना इंद्रधनुष्याचे सात रंग देतात तेही तिकडचंच, विसाव्या शतकातलं. थेराप्युटिक टचमध्ये हात अंगाला न लावता थोडा वर धरून ऊर्जा जाणवते म्हणतात, तर एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या पोरीनं शाळेसाठी प्रयोग केला, पडद्याआड एकवीस हीलर बसवले आणि माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे ते ओळखा म्हटलं. २८० वेळांपैकी ४४ टक्के बरोबर, नाणं उडवलं असतं तरी जास्त आलं असतं. हे १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या वैद्यकीय जर्नलात छापून आलं.

वर्ध्याची गोष्ट वेगळी. सेवाग्रामला गांधीजी १९३६ पासून राहिले, मातीची पट्टी, कटिस्नान म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात बसणं, एनिमा, साधं जेवण हे त्यांचे इलाज, कटिस्नान तर जर्मनीच्या लुई कूनेकडून घेतलेलं. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून ते स्वतः त्यांची मालिश करायचे, ज्या काळात लोक सावलीलाही उभे राहत नव्हते. हातगुण म्हणायचाच तर हा. पण हेच गांधीजी १९२४ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतात, आणि त्याच सेवाग्रामात डॉ. सुशीला नायर ॲलोपॅथीचा दवाखाना काढतात, त्यातून पुढं १९६९ मध्ये मेडिकल कॉलेज होतं.

हात फिरवल्यानं बरं वाटतं हे खोटं नाही. कोणीतरी अर्धा तास आपल्याजवळ बसलं, ऐकून घेतलं, की दुखणं हलकं वाटतं, आणि सरकारी दवाखान्याच्या लायनीत तो अर्धा तास कुठून मिळणार. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं दुखणं तर येतं आणि जातं, गेलं त्या दिवशी ज्याच्याकडं गेलो तो मोठा. घात होतो तो साप चावल्यावर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं सोडलं तर आपल्या शेतातले बहुतेक साप बिनविषारी, त्यामुळे मांत्रिकाचे दहातले बरेच उठून बसतात, आणि ज्याला खरंच मण्यार चावली त्याचा इंजेक्शनचा वेळ झाडफुकीत जातो.

कायदे दोन आहेत. १९५४ च्या कायद्यानं ठरावीक आजारांवर चमत्कारी इलाजाची जाहिरात करता येत नाही. आणि डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर आलेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षे. ॲडजस्टमेंटही झाली आहे मधल्या मधी. मेळघाटात लहान लेकरांच्या पोटावर चटके द्यायची जुनी रीत, ती मोडायला भूमकांनाच सोबत घ्यायचे प्रयत्न झालेत, म्हणजे त्यानं आपली पूजा करावी, अंगारा लावावा, आणि मग लेकराला गाडीत बसवून दवाखान्यात पाठवावं.