शिंकं एकदाच तुटतं, बोका रोज बसतो

आमची मनी ओट्यावर कशी चढते, हे मी बरेच दिवस जवळ उभी राहून पाहिलं आहे. ओट्यापासून हातभर लांब ती बसते. नाक वर करून दोन-तीनदा हुंगते. मग मागचे पाय पोटाखाली घेते, मागचा भाग किंचित डोलवते, नजर कडेवर रोखते आणि आवाज न करता वर पोचते. वर गेल्यावर ती पातेल्यांकडे धावत नाही. कडेकडेने चालत आधी सिंक हुंगते, मग सुरी ठेवायची जागा, मग शेगडीमागचा कोपरा. त्या कोपऱ्यात मी एकदा माशाचा तुकडा विसरले होते. फक्त एकदा. त्याला पाच महिने झाले होते, तरी मनीची फेरी चुकत नव्हती.

त्या पाच महिन्यांत मी ओरडले, टाळ्या वाजवल्या, तोंडावर पाण्याचा फवाराही मारला. चढणं काही थांबलं नाही. मी समोर असताना चढणं तेवढं थांबलं. या दोन गोष्टींतला फरक कळायला मला फार उशीर लागला, म्हणून तो नीट सांगावासा वाटतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलं मांजर लाकडी पट्ट्यांच्या पेटीत ठेवायचं आणि बाहेर दिसेल असा माशाचा तुकडा ठेवायचा. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. पहिल्या खेपेला मांजर ओरबाडे, चावे, फटींतून पंजे बाहेर काढे आणि त्या धडपडीत कधीतरी दोरी ओढली जाई. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवल्यावर सुटकेला लागणारा वेळ कमी होत गेला. तो एका झटक्यात उतरला नाही, रेंगाळत, मागेपुढे होत उतरला, आणि हीच थॉर्नडाइक यांच्या नोंदींतली मोलाची गोष्ट. मांजराला कोडं ‘उलगडलं’ असं घडत नव्हतं. ज्या हालचालीला फळ मिळालं ती पक्की होत होती, बाकीच्या गळून पडत होत्या. याला पुढे परिणामाचा नियम म्हणू लागले.

ओटा हीसुद्धा एक पेटीच आहे, फक्त इथे मांजर बाहेरून आत शिरतं. चढण्याच्या हालचालीला फळ मिळालं की ती पक्की होणार. रोज मिळालं नाही तर मात्र सवय सुटेल, असं आपण धरून चालतो. इथेच आपला अंदाज चुकतो. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर केलेलं मोठं काम १९५७ साली पुस्तकरूपाने आलं. बक्षीस दर वेळी दिलं आणि मग बंद केलं, तर प्राणी लवकर थांबतो. बक्षीस कधी मिळालं, कधी नाही, असं अनियमित ठेवून बंद केलं, तर तो कितीतरी जास्त काळ प्रयत्न करत राहतो. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक असावं. शिंकं तुटतं नि बोक्याचं साधतं ते एकदाच, पण त्यानंतर बोका रोज शिंक्याखाली येऊन बसतो. ‘एवढा एकच दिवस राहू दे झाकायचं’ हा आपला एक दिवस मांजराला पुढच्या कित्येक आठवड्यांची आशा देऊन जातो.

ओटा फक्त खाऊच देतो असंही नाही. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे सोबत जुनी आहे, पण स्वभाव अजून रानातला आहे. हा लहानसा प्राणी स्वतः शिकार करतो आणि मोठ्या जनावरांची शिकारही होतो. उंचावर बसलं की दोन्ही बाजूंनी फायदा. त्यात शेगडीजवळची ऊब. अंग तापवायला किंवा थंड करायला वेगळी शक्ती खर्चावी लागू नये यासाठी मांजराला साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. आपल्याला जिथे उकडतं, तिथे त्याला कुठे बरं वाटायला लागतं. शिवाय मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत तरतरीत असतं, नेमकं बऱ्याच घरांत स्वयंपाक चालू असतो तेव्हा. आणि आपण ‘ए, उतर!’ म्हणत धावत गेलो, तर दिवसभर एकट्या असलेल्या मांजराला तेही बक्षीसच वाटू शकतं. कुणीतरी आपल्याकडे पाहिलं तर खरं!

(गोडाची भीती मात्र नको. गोड चव ओळखायला लागणारं एक जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे, हे २००५ साली दाखवून देण्यात आलं. केकला मांजर तोंड लावतं ते बहुधा लोणी-सायीसाठी.)

आता फवाऱ्याबद्दल. शिक्षेतून काही शिकायचं तर कृती आणि शिक्षा यांत जेमतेम एखाद्या सेकंदाचं अंतर चालतं. आपण बाटली शोधून आणेपर्यंत मांजर पंजा चाटत बसलेलं असतं. नेम आणि वेळ दोन्ही साधले, तरी मांजर जोडी लावतं ती फवारा आणि माणूस यांची. माणूस असताना ओटा वाईट, माणूस झोपल्यावर ओटा मोकळा. मनी हेच शिकली होती, आणि वर माझा हात बाटलीकडे गेला की पलंगाखाली पळायलाही शिकली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिलं काम ओट्याची मिळकत बंद करणं. प्रत्येक पातेल्यावर झाकण, खरकटं लगेच उचललेलं, रात्री ओटा पुसून कोरडा, नळ घट्ट बंद. यात अपवाद ठेवायचा नाही. मिळकत थांबली की सवय सुटण्याआधी थोडा काळ उसळी मारते, आणि बरीच माणसं याच टप्प्यावर हात टेकतात. मनी नवव्या दिवशी एका संध्याकाळी सात वेळा चढली होती. त्या उसळीत काहीतरी तोंडाला लागू दिलं, तर मांजर एवढंच शिकतं की अजून थोडं चिकटून राहायला हवं होतं.

नुसतं बंद करून मात्र भागत नाही. उंची, ऊब आणि घडामोडी पाहण्याची हौस यांना दुसरीकडे वाट द्यावी लागते. स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथून ओटा दिसेल अशा जागी, उंच स्टूल किंवा भक्कम फळी ठेवावी आणि वर एखादं जुनं पांघरूण घालावं. मांजर आपणहून तिथे चढलं की लगेच खाऊचा कण द्यायचा. सुरुवातीला दर वेळी, जागा पक्की झाली की मधूनमधून. जो नियम ओट्याच्या बाजूने होता, तो आता स्टुलाच्या बाजूने.

‘मांजर कुठे शिकतं!’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. २०१७ साली निवाऱ्यातल्या १०० मांजरांवर क्लिकर वापरून प्रयोग झाला. क्लिकर म्हणजे दाबल्यावर ‘टिक्’ वाजणारी छोटी डबी. तो आवाज योग्य कृतीच्या क्षणी होतो, त्यामुळे खाऊ दोन सेकंद उशिरा आला तरी कशाबद्दल मिळाला ते कळतं. पाच-पाच मिनिटांच्या पंधरा तासिकांत बरीच मांजरं बसणं, ठरावीक वस्तूला नाक लावणं, अशा गोष्टी करू लागली.

जेवणाची विभागणीही बदलून पाहावी. एका उंदरातून मिळतात जेमतेम ३० किलोकॅलरी, आणि मोठ्या मांजराला दिवसाला दोनशेच्या वर लागतात. म्हणजे त्याचं पोट थोडं थोडं, अनेकदा खाण्यासाठी घडलेलं आहे. स्वयंपाकाला लागायच्या आधी त्याच्या वाटणीतला एक भाग दिला तर ओट्याची ओढ बरीच उतरते. मी घरी नसताना कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टीही लावली होती. पंज्यांना चिकट लागलेलं मांजरांना आवडत नाही, आणि ती पट्टी माणसाच्या नावावर जमा होत नाही. पण पर्यायी जागा नसेल तर नुसती पट्टी लावू नका.

हा सगळा खटाटोप निव्वळ टापटिपीसाठी नाही. तापलेल्या शेगडीने पंजे भाजतात. कांदा-लसणाने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. आणि शौचाच्या पेटीतून आलेले पंजे ओट्यावर टेकतात. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची विष्ठेतली अंडी संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस घेतात, म्हणून पेटी रोजच्या रोज साफ करणं हा ओटा पुसण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

काल तिन्हीसांजेला मी मासे साफ करत होते. मनी स्टुलावर पुढचे पाय छातीखाली दुमडून बसली होती. एकदा तिने नाक वर केलं, शेगडीमागच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मागचे पाय जरा सावरले. मी श्वास रोखून उभी होते. तिने मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात धुतले आणि तिच्या खाऊची डबी उघडली.