‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’

वनौषधींच्या माउथवॉशवरचे शोधनिबंध आणि प्रबंध मी बरेच वाचतो. त्यांच्या शेवटी एक वाक्य हमखास भेटतं: ‘दोन्ही गटांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही, म्हणून वनस्पतीचा अर्क क्लोरहेक्सिडिनइतकाच प्रभावी आहे.’ (क्लोरहेक्सिडिन म्हणजे गुळण्यांसाठीचं प्रस्थापित जंतुनाशक.) वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा अर्धा भाग त्यातून निघतच नाही, आणि मधल्या ‘म्हणून’कडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

‘फरक आढळला नाही’ हे विधान अभ्यासाबद्दल आहे. इतकी माणसं घेतली, इतके दिवस पाहिलं, तेवढ्यात काही ठाम दिसलं नाही, एवढंच ते सांगतं. ‘फरक नाही’ हे विधान औषधाबद्दल आहे आणि ते करायला स्वतंत्र पुरावा लागतो. पहिल्याच्या जागी दुसरं लिहिलं की रुग्ण चालू असलेलं औषध सोडतो, रुग्णालय चांगलं प्रशिक्षण बंद करतं, आणि दोघांनाही वाटत राहतं की आपण संशोधनाला धरूनच वागलो.

आकडे घेऊन पाहू. समजा, एका रुग्णालयात २० कर्मचाऱ्यांना हात स्वच्छ करण्याचं प्रशिक्षण दिलं आणि दुसऱ्या २० जणांना दिलं नाही. महिन्याभराने निरीक्षण केलं. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी १२ जण सगळ्या पायऱ्या नीट पाळत होते, न घेतलेल्यांपैकी ९ जण. म्हणजे ६० टक्के आणि ४५ टक्के. फरक डोळ्यांना दिसतो आहे, पण पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५च्या कितीतरी वर येते. ‘लक्षणीय’ म्हणायला ती सहसा ०.०५च्या खाली लागते. अहवालात ओळ पडते: लक्षणीय फरक नाही. पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, प्रशिक्षणाचा उपयोग होत नाही.

आता याच आकड्यांचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, काढा. प्रशिक्षणामुळे नीट हात धुणारे शंभरामागे १६ने कमी झाले इथपासून ते ४६ने वाढले इथपर्यंत, यातलं काहीही या आकड्यांशी जुळतं. शंभरात ४६ जणांची भर म्हणजे वॉर्डचं रूप पालटेल इतका मोठा परिणाम. तो आहे असं हा अभ्यास म्हणत नाही, पण नाही असंही म्हणू शकत नाही. प्रामाणिक निष्कर्ष एकच निघतो: या अभ्यासातून काही कळलं नाही.

हाच प्रयोग ५००-५०० जणांवर केला आणि ३०० विरुद्ध २९५ असे आकडे आले, तर पी व्हॅल्यू पुन्हा ०.०५च्या वरच राहील. अहवालातली ओळही शब्दशः तीच असेल. पण इंटरव्हल आता शंभरामागे ५ कमी ते ७ जास्त एवढाच उरतो. फरक असलाच तर छोटा आहे, हे आता खात्रीने म्हणता येतं. ओळ एकच असली तरी पहिली अज्ञानाची आहे आणि दुसरी ज्ञानाची. दोघींतला भेद पी व्हॅल्यूत दिसत नाही, इंटरव्हलच्या रुंदीत दिसतो. म्हणून निबंध हातात आला की मी आधी ती रुंदी शोधतो. ती दिलेलीच नसेल, तर ‘सारखेच’ या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

हा घोळ जुना आहे. १९७८मध्ये फ्रायमन आणि सहकाऱ्यांनी ‘उपचाराचा फायदा दिसला नाही’ असं सांगणाऱ्या ७१ चाचण्या तपासल्या. त्यांतल्या ५० चाचण्या इतक्या लहान होत्या, की उपचाराने स्थिती ५० टक्क्यांनी सुधारली असती तरी ती सुधारणा नजरेतून निसटण्याची शक्यता १० टक्क्यांहून जास्त होती. १९९५मध्ये डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटं टिपण लिहिलं. पुरावा नसणं म्हणजे नसण्याचा पुरावा नव्हे, हेच त्याचं शीर्षक होतं. त्याला तीन दशकं झाली, तरी ते ‘म्हणून’ अजून छापलं जातंच आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे लिहिणारे बहुतेक जण कष्टाळू आणि प्रामाणिक विद्यार्थी असतात. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पुन्हा माउथवॉशकडे येतो, कारण तिथे आणखी एक गाठ आहे. त्रिफळा, कडुनिंब, कोरफड, ग्रीन टी अशा अर्कांच्या चाचण्या साधारण एकाच साच्यातून निघतात. हिरड्या सुजलेली माणसं घ्यायची, सगळ्यांचं स्केलिंग करून किटण काढायचं, ब्रश कसा करायचा ते शिकवायचं, मग अर्ध्यांना क्लोरहेक्सिडिन आणि अर्ध्यांना अर्क द्यायचा. काही आठवड्यांनी दोन्ही गटांत प्लाक (दातांवरचा जंतूंचा थर) कमी झालेला असतो आणि हिरड्यांतून रक्त येणंही घटलेलं असतं. मग तक्त्यात दोन्ही गटांपुढे ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला फरक लक्षणीय म्हणून तारांकित होतो, आणि गटागटांतला फरक मात्र लक्षणीय नसतो. निष्कर्ष: दोन्ही सारखेच गुणकारी.

पण किटण काढल्यावर आणि नीट ब्रश करायला शिकवल्यावर हिरड्या सुधारणारच होत्या. गुळण्यांना साधं पाणी दिलं असतं, तरी ‘नंतर’चा आकडा बराच खाली आला असता. पाण्याचा तिसरा गट ठेवलेला नसेल, तर दोन्ही द्रव सारखे चालले की या चाचणीत दोघांनाही काही करून दाखवायची संधीच मिळाली नाही, हे ओळखायला मार्ग उरत नाही.

हा तिसरा गट किती मोलाचा असतो, ते सेंट जॉन्स वर्टच्या एका अमेरिकी चाचणीत दिसलं. नैराश्यावर वापरल्या जाणाऱ्या या वनस्पतीची तुलना सर्ट्रालिन या प्रस्थापित औषधाशी आणि प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, केली होती. ३४० रुग्ण होते, उपचार ८ आठवड्यांचे होते आणि निकाल २००२मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य मोजमापांवर वनस्पती प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही. पण सर्ट्रालिनही ठरलं नाही! प्लासिबोचा गट ठेवलेला नसता, तर याच आकड्यांवरून ‘वनस्पती सर्ट्रालिनइतकीच प्रभावी’ असं सहज लिहिता आलं असतं. प्लासिबो होता म्हणून कळलं, की प्रस्थापित औषधाचा परिणामही या चाचणीच्या मुख्य मोजमापांना टिपता आला नव्हता. अशा चाचणीतून वनस्पतीबद्दल ‘उपयोगी’ किंवा ‘निरुपयोगी’ यांतलं काहीही ठामपणे काढणं धाडसाचं आहे.

दंतवैद्यकात या दोन विधानांची उत्तम जोडी मिळते. अमेरिकेच्या आहारविषयक सरकारी मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१५–२०२०च्या आवृत्तीतून फ्लॉसिंगचा, म्हणजे दातांमधल्या फटी दोऱ्याने साफ करण्याचा, उल्लेख गेला. ऑगस्ट २०१६मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने फ्लॉसिंगमागचा पुरावा दुबळा असल्याची बातमी दिली. बातमी पुराव्याबद्दल होती, लोकांनी ती दोऱ्याबद्दल वाचली. फ्लॉस करून काही होत नाही, असं लोक बिनधास्त बोलू लागले.

पुरावा दुबळा होता तो का? कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०११च्या आढाव्यात १२ चाचण्या होत्या आणि परिणाम १, ३ किंवा ६ महिन्यांवर मोजलेले होते. हिरड्यांची सूज थोडी कमी होते, असे काही पुरावे त्यांत मिळाले. दातांच्या किडीबद्दल मात्र एकाही चाचणीने काही नोंदवलेलं नव्हतं. दोन दातांच्या फटीतली कीड दिसण्याइतकी वाढायला वर्षं लागतात. सहा महिन्यांच्या चाचण्यांनी तिच्याबद्दल काही सांगितलं नाही, यात नवल ते काय! दुसरीकडे, २००६च्या एका आढाव्यात लहान मुलांवरचे प्रयोग होते. शाळेच्या दिवशी प्रशिक्षित माणसांनी १.७ वर्षं मुलांचे दात फ्लॉस करून दिले, तेव्हा किडीचा धोका ४० टक्के कमी आढळला. कुमारवयीन मुलांनी दोन वर्षं स्वतःच्या हाताने फ्लॉस केलं, तिथे फायदा दिसला नाही. म्हणजे दोऱ्याइतकाच तो कुणाच्या हातात आहे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. फ्लॉस आणि कीड यांबाबत आपण अजून पहिल्याच विधानापाशी आहोत.

दातांच्या तपासणीला दर सहा महिन्यांनी जावं का, या प्रश्नावर मात्र दुसऱ्या विधानापर्यंत पोहोचता आलं आहे. ब्रिटनमधल्या इंटरव्हल नावाच्या चाचणीत (हे फक्त तिचं नाव, वरच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलशी संबंध नाही) ५१ दवाखान्यांतले २,३७२ प्रौढ घेतले आणि त्यांच्यावर चार वर्षं लक्ष ठेवलं. काहींना ६ महिन्यांनी बोलावलं, काहींना २४ महिन्यांनी, काहींना त्यांच्या दातांचा धोका पाहून. हिरड्यांतून रक्त येण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. माणसं भरपूर होती आणि काळही पुरेसा होता, त्यामुळे इथे ‘फरक नाही’ हे म्हणणं कमावलेलं आहे. अर्थात, २४ महिन्यांच्या गटात दंतवैद्याला ज्यांना इतकं लांबवणं सुरक्षित वाटलं, तेच लोक होते. तुमच्या हिरड्या आधीच खराब असतील, तर २४ महिन्यांचा निकाल तुमच्यासाठी नाही.

‘सारखेच आहेत’ हे सिद्ध करायचं असेल, तर चाचणी त्याच हेतूने बांधावी लागते. किती फरकापर्यंत आपण ‘चालेल’ म्हणू, ही मर्यादा आधीच लिहून ठेवायची आणि सगळा कॉन्फिडन्स इंटरव्हल त्या मर्यादेच्या आत बसतो का, ते पाहायचं. नवीन उपचार जुन्यापेक्षा फारसा वाईट नाही एवढंच दाखवायचं असेल, तर एकाच बाजूची मर्यादा पुरते. तिला नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणी म्हणतात. मर्यादा निकाल पाहून ठरवली, तर सगळं मुसळ केरात. माणसंही खूप लागतात, कारण जेवढा फरक पकडायचा आहे तो निम्मा केला की साधारण चौपट माणसं घ्यावी लागतात. ३०-३० जणांच्या प्रबंधाला हे झेपणारं नसतं, आणि त्यात त्या विद्यार्थ्याचा काही दोष नाही. त्याने ‘सारखेच’ हा शब्द टाळून आकडे आणि इंटरव्हल नीट मांडले, तरी तो प्रबंध पुढच्या संशोधकाच्या खूप कामाचा ठरतो.

एका गोष्टीकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. नेहमीच्या चाचणीत ढिसाळपणा संशोधकाला महागात पडतो. लोकांनी माउथवॉश वापरलाच नाही, मोजमाप करणाऱ्याचा हात स्थिर नव्हता, नोंदी चुकल्या, की खरा फरकही पुसट होतो आणि हवा असलेला निकाल हुकतो. ‘सारखेच’ सिद्ध करायच्या चाचणीत हे नेमकं उलटतं. तिथे असा ढिसाळपणा बहुतेकदा दोन गटांना एकमेकांजवळ ओढतो, म्हणजे हव्या त्या निकालाकडेच नेतो. कुणीच औषध घेतलं नाही, तर दोन्ही औषधं अगदी सारखी ठरतील. म्हणून अशा चाचणीत ठरल्याप्रमाणे उपचार खरोखर घेतलेल्यांचं विश्लेषण वेगळं करून दाखवावं लागतं. ते नसेल, तर मी निबंध बाजूला ठेवतो.

कर्मचाऱ्यांच्या कामाबाबत नीट बांधलेली चाचणी कशी असते, ते अमेरिकेतल्या फर्स्ट या अभ्यासात दिसतं. शल्यचिकित्सेच्या निवासी डॉक्टरांच्या ड्यूटीचे तास काटेकोर ठेवायचे की लवचिक, हा प्रश्न होता. ११७ प्रशिक्षण कार्यक्रम आणि १,३८,६९१ रुग्ण त्यात आले, आणि निकाल २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत लवचिक तासांच्या गटात ९.१ टक्के आणि काटेकोर गटात ९.० टक्के होती. आधी ठरवलेल्या मर्यादेत हा निकाल बसला. रुग्णांच्या या परिणामापुरतं ‘लवचिक तास वाईट नाहीत’ असं म्हणायचा हक्क या अभ्यासाला आहे. पण त्याच अभ्यासात लवचिक गटातल्या निवासी डॉक्टरांनी, या तासांचा आपल्या खासगी आयुष्यावर वाईट परिणाम होतो, असं जास्त प्रमाणात सांगितलं. ‘फरक नाही’ हे फक्त जे मोजलं त्याबद्दल असतं. ड्यूटीचे तास ठरवणाऱ्यांनी पहिला आकडा सांगून दुसरा गिळू नये.

वनौषधींच्या बाबतीतही असं कमावलेलं ‘नाही’ मिळू शकतं. ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) किंवा प्लासिबो देऊन सुमारे सहा वर्षं पाहिलं गेलं. २००८च्या निकालात स्मृतिभ्रंश जिंकोच्या गटात २७७ जणांना झाला, प्लासिबोच्या गटात २४६ जणांना. इंटरव्हलचं जिंकोला सर्वांत अनुकूल टोक घेतलं, तरी धोक्यात ६ टक्क्यांची घट एवढंच हाती लागतं. स्मृतिभ्रंश टाळायला जिंको घेऊ का, असं कुणी वयस्क माणूस विचारेल, तर मी सरळ नाही म्हणेन.

सगळ्यांत धोक्याचं रूप दुष्परिणामांच्या रकान्यात असतं. ‘एकाही रुग्णात दुष्परिणाम आढळला नाही’ ही ओळ वनौषधींच्या निबंधांत फार आश्वासक वाटते. अशा शून्यासाठी एक सोपा हिशेब आहे: ३ला रुग्णसंख्येने भागायचं. ३० जणांत शून्य दुष्परिणाम दिसले, तर खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३०० जणांत शून्य, तर १ टक्क्यापर्यंत. शिवाय ज्या माणसांना धोका आहे ती चाचणीत नसतील, तर संख्या कितीही वाढवा, धोका दिसणार नाही. सेंट जॉन्स वर्ट यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम) वाढवतं, त्यामुळे सोबत घेतलेल्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण घसरतं. हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांत सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं प्रमाण असंच घसरून शरीराने नवं हृदय नाकारायला सुरुवात केली, ही नोंद २०००मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. तुम्ही कोणतीही वनौषधी घेत असाल आणि सोबत डॉक्टरांचं औषध चालू असेल, तर दोन्हींची नावं डॉक्टरांना सांगा, निबंधात शून्य लिहिलेलं असलं तरी.