छोट्या वस्तीचा एसटीपी आणि नदी

छोट्या वस्तीचा एसटीपी, म्हणजेच सांडपाणी प्रक्रिया केंद्र, काहीशे ते काही हजार लोकांच्या मोरी-संडास-स्वयंपाकघराचं पाणी एका जागी आणतं, त्यातली घाण काढतं आणि मगच ते ओढ्यात किंवा नदीत सोडतं. वस्ती लहान म्हणजे घाणही थोडी, त्याने नदीला काय होतंय असं बऱ्याच जणांना वाटतं, पण लहान वस्तीच्या वाट्याला नदीपण बहुतेक वेळा लहानच येते आणि उन्हाळ्यात ओढ्याला जेमतेम धार उरते तेव्हा सांडपाणी पातळ व्हायला पाणीच नसतं.

मुख्य मुद्दा ऑक्सिजनचा आहे. सांडपाण्यात ९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, उरलेली घाण नदीतले जिवाणू खातात पण खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. २० अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. आणि घरगुती सांडपाण्याची बीओडी, म्हणजे घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. हिशोब करून बघा, १ लिटर कच्चं सांडपाणी नदीच्या २५-३० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं! हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो, पण हळूहळू. त्यात सगळ्यात वाईट जागा पाइपाच्या तोंडाशी नसते, ती बरीच खाली असते कारण कुजायला वेळ लागतो. अमेरिकेत ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये याचं गणित मांडलं.

एसटीपी करतो काय, तर नदीत जे होणार होतं तेच टाकीत करून घेतो. आधी जाळीत कपडे, प्लास्टिक, केस अडकतात, मग वाळू बसते, मग ब्लोअरने हवा सोडलेल्या टाकीत जिवाणू घाण खातात आणि शेवटी दुसऱ्या टाकीत हे जिवाणू गाळ म्हणून तळाला बसतात, वरून नितळ पाणी निघतं. ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. नीट चालला तर बीओडी २० च्या आसपास किंवा त्याखाली येते. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मात्र हळू वाढतात, थंडीत अजूनच हळू, आणि अमोनिया माशांना थेट विषारी असल्याने या जिवाणूंना जपावंच लागतं. जागा भरपूर असेल तर ब्लोअरऐवजी मोठी उथळ तळी किंवा पाणगवताच्या वाफ्यांमधून पाणी फिरवतात, त्याला वीज कमी लागते.

छोट्या केंद्राचं खरं दुखणं म्हणजे चढउतार. सकाळी सगळे एकदम आंघोळीला, दुपारी येणारं पाणी जवळपास बंद, म्हणून आधी पाणी साठवून सारखं सोडणारी टाकी फार महत्त्वाची. पावसाचं पाणी गटारात घुसलं तर जिवाणूच वाहून जातात, लाइट बराच वेळ गेली तर हवेविना ते मरायला लागतात, आणि कोणी ॲसिड किंवा फिनाइल भरपूर ओतलं तरी तेच होतं, मोठ्या शहराच्या प्रवाहात जे विरून जातं ते इथे थेट टाकीला बसतं. म्हणून ऑपरेटर रोज एका लिटरच्या भांड्यात टाकीतलं पाणी घेऊन अर्ध्या तासात गाळ किती बसतो ते बघतो. तपकिरी, मातीसारखा वास आला तर टाकी बरी आहे, काळा आणि सडका म्हणजे हवा कमी पडतेय. माझ्या मते सगळ्यात महागड्या यंत्रापेक्षा हा माणूस जास्त नदी वाचवतो.

वाढलेला गाळ वेळेवर काढून वाळवावा लागतो, नाहीतर तोच वरून वाहत नदीत जातो आणि आधीची सगळी मेहनत पाण्यात. रोगजंतूंसाठी क्लोरीन वापरतात, पण उरलेला क्लोरीन मासे मारतो, त्यामुळे तो काढून टाकावा लागतो किंवा अल्ट्राव्हायोलेट दिवे लावतात. फॉस्फरस साध्या केंद्रात फारसा निघत नाही, त्याने खाली बंधाऱ्यात शेवाळ माजतं, म्हणून केंद्रातच तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालून तो गाळात बसवतात.